काचघरातलं कलम

"वासच नाही मेल्याला."

हे तीन शब्द कानावर पडले आणि मी हातातली झारी खाली ठेवली. चार वर्षं आणि वर दोन महिने माझ्या कानांनी मराठी ऐकली नव्हती. मी बोलायचो, नाही असं नाही, पण बोलायचो झाडाशी. आणि झाड कितीही आपलं असलं तरी उलट बोलत नाही.

त्या दिवशी काचघरात पाय ठेवायला जागा नव्हती. इंग्लंडातला एक मोठा जमीनदार, मी त्याला मोठा साहेब म्हणायचो, त्यानं आपली बाग एका सुटीच्या दिवशी लोकांसाठी उघडली होती. गावोगावहून माणसं आगगाडीनं लोटली होती. बायका घेरदार झगे सावरत आणि पुरुष उंच टोप्या हातात धरून घाम पुसत हिंडत होते. केळीच्या पानाला बोट लावून बघायचे, अननसापुढे देवळात बोलावं तसे हळू बोलायचे, आणि शेवटी रांग लावून आंब्यापाशी यायचे. झाड दीड पुरुष उंच आणि त्याला एक फळ. आमच्या उभ्यादांड्याला, वेंगुर्ल्याजवळ, वैशाखात असली फळं वाटेत पडलेली असतात आणि माणसं पाय चुकवून जातात. इथे एका फळासमोर पोलीस उभा केला होता.

"हे खातात?" एकीनं विचारलं.

"माझ्या मामांनी कलकत्त्याला खाल्लं होतं," तिचा नवरा म्हणाला. "म्हणाले, टर्पेंटाइनसारखं लागतं."

आणि त्यांच्या मागून ते तीन शब्द आले. वळून बघितलं तर पांढरं लुगडं, वर लोकरीची जाड शाल, पायांत पुरुषी बूट, दोन्ही हातांना दोन गोरी पोरं. साहेबलोक इकडून परत जाताना मुलं सांभाळायला आया घेऊन जातात, त्यातली एक.

"बाई, हळू बोला," मी म्हणालो.

ती जागच्या जागी थबकली. माझ्या अंगावरचा कोट बघितला, तोंड बघितलं. "मराठी बोललास?"

"वेंगुर्ल्याचा आहे. भिवा आरोलकर. हे झाड मीच आणलंय."

"मी भागाबाई. ठाण्याची."  मग तिनं शालीनं नाक पुसलं आणि फळाकडे हनुवटी केली. "मेणाचा आहे ना रे भाऊ हा?"

"हळू म्हणतो ना."

"कळतंय कोणाला?"

ते खरंच होतं. मी केवढ्यानं ओरडलो असतो तरी त्या पाचशे माणसांत आमचं बोलणं कोणाला कळलं नसतं.

आंबा मेणाचाच होता. पण त्यात फसवणूक नव्हती. म्हणजे होती, पण ती कशी झाली ते सांगतो. आमच्या बाबांच्या बागेत एक हापूस आहे. त्याच्या फांदीला रोपाचं कुंडं बांधून, साल तासून, दोन्ही एकत्र जुळवून बाबांनी कलम केलं होतं. वेंगुर्ल्याच्या एका गोऱ्या व्यापाऱ्यानं मोठ्या साहेबासाठी ते मागितलं. काचेची पेटी, त्यात माती, मातीत कलम, आणि पेटीबरोबर मी. बोली अशी झाली होती की झाडाला फळ धरलं, ते पिकलं आणि साहेबाच्या ताटात पडलं की मला घरी धाडायचं. बाबा माझ्यापेक्षा कलमाकडे जास्त बघत होते. मी गलबतात चढताना ते म्हणाले, "त्याला जप." मला जप असं कोणी म्हणालं नाही. त्याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

तर यंदा मोहोर आला. काचघरात माशा नाहीत, म्हणून मी कोंबडीच्या पिसानं एकेक फूल चाळवलं. सात कैऱ्या धरल्या, सहा गळल्या, एक राहिली. ती भरली, देठाशी खांदे वर आले, हिरव्यावर पोपटी छटा आली. आता आंबा उतरवून काडात घालायचा, आठपंधरा दिवसांत पिकतो. पोरासोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट. पण मुख्य माळी क्रॅडॉक म्हणाला, "हात लावायचा नाही. सुटीच्या दिवशी लोकांना झाडावर फळ दिसलं पाहिजे."

"तोवर राहणार नाही, साहेब. आपसूक पडेल आणि फुटेल."

"द्राक्षं झाडावर पिकतात, पीच झाडावर पिकतो."

"हा पीच नाही."

क्रॅडॉक साठीचा, बोलायला कंजूष, हात माझ्या बाबांसारखे फाटलेले. मला तो टॉम म्हणायचा. भिवा म्हणायला त्याची जीभ वळत नव्हती. त्यानं मान हलवली, विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंबा उतरवला. दोन बोटं देठ ठेवून, चीक खाली गाळून, गव्हाच्या काडात घालून माझ्या खोलीत पेटीत ठेवला. क्रॅडॉकला सांगितलं तेव्हा तो कुंडीवर मटकन बसला. चोर म्हणून मला पोलिसात देता आलं असतं त्याला. त्याऐवजी तो साहेबाच्या बहिणीकडे गेला. मिस हॅरिएटला मेणाची फळं करायचा भारी नाद. तिनं काडातला आंबा समोर ठेवून हुबेहूब दुसरा केला, वर खुशीत म्हणाली की माझा जास्त चांगला दिसतो. तोच आम्ही हिरव्या दोऱ्यानं फांदीला बांधला. साहेबालाही सांगितलं, तो पोट धरून हसला.

"खरा बघायचाय?" मी भागाबाईला विचारलं.

काचघराच्या मागे माझी खोली होती. तिनं पोरांना दारात कुंड्यांच्या ढिगाऱ्यावर खेळायला बसवलं. मी पेटीचं झाकण काढलं, काड बाजूला केलं. वास आला. भागाबाई पेटीपाशी गुडघ्यांवर बसली आणि तोंड त्या काडात खुपसून रडली. मी काय करणार, बाहेर बघत उभा राहिलो. थोड्या वेळानं ती उठली, केसांतलं काड झटकलं.

"आता सुटशील तू," ती म्हणाली.

"परवा साहेब खाईल. मग सुटेन."

"घरी कोण आहे?"

हाच प्रश्न होता. मी उशीखालून कागद काढून तिच्या हातात दिला.

दुसऱ्या वर्षी घरून हे एकच पत्र आलं होतं. साहेबाच्या कारकुनानं पाकीट फोडून आतलं पान मला दिलं. मोडीत लिहिलेलं, पंतोजींकडून बाबांनी लिहवून घेतलेलं असणार. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती. साहेबानं हिंदुस्थानात नोकरी केलेल्या एका म्हाताऱ्याला दाखवलं, त्यालाही लागलं नाही. क्रॅडॉकनं माझ्या वतीनं त्या व्यापाऱ्याला इंग्रजीत लिहिलं, तर व्यापारी मुलूख सोडून गेलेला. पण अक्षरं न वाचता एक गोष्ट मला कळली होती, आणि ती भागाबाईलाही कळली. तिनं कागद उलगडला आणि तिचा हात थांबला.

"कोपरा फाटलाय," ती हळूच म्हणाली.

आपल्याकडे कोणी गेल्याचं कळवायचं तर कागदाचा कोपरा फाडून पाठवतात. वाचायच्या आधीच घेणाऱ्यानं समजावं म्हणून.

"कोण गेलं ते माहीत नाही," मी म्हणालो. "मी निघालो तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. बायको जनी पहिलटकरीण. बाबांचं वय झालेलं. दोन वर्षं झाली, भागाबाई. कधी आईसाठी रडतो, कधी जनीसाठी. सुतक धरायचं तर कोणाचं धरू? डोकं भादरायचं तर कोणासाठी? एकदा वाटलं बाबाच गेले, म्हणून एक दिवस जेवलो नाही. मग वाटलं, असतील जिवंत तर हे अभद्र झालं."

भागाबाईनं कागद घडी करून परत दिला. तिलाही वाचता येत नव्हतं.

"आमचे साहेबलोक म्हणाले होते, छोटा बाबा चालायला लागला की तुला बोटीत बसवू," ती म्हणाली. दारातल्या थोरल्या पोराकडे तिनं बोट दाखवलं. "तो बघ, धावतोय. तोवर ही झाली. आता म्हणतात, तुझ्यावाचून हिला झोप येत नाही. खरंच येत नाही रे. इतकी चांगली सांभाळली मी, तिथेच चुकलं. वाईट सांभाळली असती तर कधीच हाकलली असती." मग ती स्वतःशीच हसली. "पण लेकराला वाईट कसं सांभाळायचं?"

बाहेरून तिच्या मडमेची हाक आली. भागाबाईनं पोरांना गोळा केलं. दारात वळून म्हणाली, "ठाण्याला कधी गेलास तर टेंभीनाक्याला माझी लेक आहे, सगुणा. सांग, आई धडधाकट आहे."

पुन्हा ती मला कधी दिसली नाही.

तिसऱ्या दिवशी आंबा साहेबाच्या ताटात पडला. मीच कापून दिला, कारण चाकू कसा चालवायचा ते तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. टेबलाभोवती बारा माणसं, बारा जणांना एकेक फोड. साहेबानं डोळे मिटून खाल्ली, कोय मागून घेतली आणि सगळ्यांदेखत चोखली. मला हसू आलं, बरंही वाटलं. वाटलं, झालं, आता सामान बांधायला हरकत नाही.

"टॉम," साहेब रुमालानं हात पुसत म्हणाला, "कमाल केलीस. पुढल्या वर्षी वीस आंबे. त्याच्या पुढल्या वर्षी राणीसाहेबांकडे पेटी धाडू."

"साहेब, मला घरी जायचंय. बोली झाली होती."

"जाशील, जाशील. पण आता तू गेलास तर हे झाड बघणार कोण? क्रॅडॉक तर झाडावर पिकवत बसला होता." सगळे हसले. क्रॅडॉक भिंतीपाशी उभा होता, तो हसला नाही. "झाड आहे तोवर तुझी जागा पक्की समज," साहेब म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. आपण बक्षीस देतोय असंच त्याला वाटत होतं.

झाड आहे तोवर. मी खोलीवर आलो आणि ते शब्द घेऊन बसलो. भागाबाईचं बोलणंही आठवत राहिलं. तिच्या हातात लेकरू होतं, तिचा इलाज नव्हता. माझ्या हातात झाड होतं.

बाहेर पानं गळाली, पाऊस लागला, मग थंडी पडली. मी त्या झाडाला रोज पाणी घालत होतो, पानं ओल्या फडक्यानं पुसत होतो आणि काय करायचं ते मला ठाऊक होतं. काचघरात आंब्याची खोली वेगळी होती. तिच्या छपराला झडपा, त्या दोऱ्यांनी उघडायच्या. दुपारी थोडा वेळ हवा द्यायची आणि अंधार पडायच्या आत, म्हणजे तिथल्या थंडीत चारच्या सुमाराला, बंद करायच्या. हे काम माझं होतं. चार वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

नाताळच्या दिवशी सगळ्या नोकरांना वाड्यावर जेवायला बोलावलं होतं. दुपारपासून आभाळ निवळलं होतं. असं आभाळ असलं की रात्री पाणी गोठतं, हे क्रॅडॉकनंच मला शिकवलं होतं. मी आंब्याच्या खोलीत गेलो. झाडाला नवी पालवी फुटली होती, तांबूस, मऊ. जमिनीपासून वीतभर वर कलमाचा सांधा होता, बाबांनी जुळवलेला. अजून तिथे बाबांच्या सुतळीचा वळ दिसायचा. मी त्यावर हात ठेवला.

"माझा इलाज नाही रे," मी त्याला म्हणालो. "तुला घेऊन जाता आलं असतं तर नेलं असतं."

खोली उबदार ठेवणाऱ्या गरम पाण्याच्या नळाची त्या खोलीपुरती चावी होती, ती फिरवून बंद केली. झडपा उघडल्या, दोऱ्या बांधल्या आणि जेवायला गेलो. पुढ्यात काय वाढलं होतं ते आठवत नाही. सगळ्यांबरोबर मीही गाणी म्हटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालवी काळी पडली होती. शेंड्यापासून अर्ध्या खोडापर्यंत झाड भाजीसारखं शिजलं होतं. बोट लावलं तर पान हातात आलं. मी तिथेच फरशीवर बसलो. मला वाटलं होतं मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. आता या देशात आपण मराठी बोलायचं ते कोणाशी, एवढंच मनात आलं.

क्रॅडॉक आला. त्यानं झाड बघितलं, वर झडपा बघितल्या, मग जाऊन नळाची चावी बघितली. ती त्यानं गुपचूप पुन्हा उघडली. मग माझ्याकडे आला.

"काल झडपा बंद करायला मी येणार होतो," तो म्हणाला. "माझ्याकडून राहिलं."

"नाही साहेब. ते काम माझं..."

"टॉम, मी सांगतोय ना. माझ्याकडून राहिलं." तो माझ्या शेजारी फरशीवर बसला. त्याला गुडघे वाकवता येत नव्हते, तरी बसला. मग म्हणाला, "त्या पत्राचं मी काहीच करू शकलो नाही."

साहेबानं त्याला चार माणसांत बोल लावला, त्यानं ऐकून घेतला. खालचं खोड जगेल म्हणून महिनाभर वाट बघितली. नाही जगलं. फेब्रुवारीत मला बोटीत बसवलं. निघताना क्रॅडॉकनं हात पुढे केला आणि पहिल्यांदाच म्हणाला, "भिवा." नीट म्हणाला. सराव केला असावा.

वेंगुर्ल्याच्या बंदरातून घरापर्यंत मी पळत नाही गेलो. वळणावर आलो आणि अंगणात आई दिसली, तांदूळ पाखडत होती. ज्या आईसाठी दोन वर्षं रडलो ती सूप बाजूला ठेवून उठली. आतून जनी आली. तिच्या मागून एक पोर आली, माझा कोट बघून आजीच्या पदराआड लपली. मी एकेकाला मोजत होतो. कोण नाही, कोण नाही, असं बघत होतो. तेवढ्यात माडाच्या आळ्यातून बाबा आले, हातातली कुदळ तशीच.

सगळे होते. मी उंबऱ्यावर बसलो आणि भडाभडा रडलो. सगळ्यांना वाटलं आनंदानं रडतोय.

संध्याकाळी पंतोजींना बोलावलं. मी कागद काढून दिला. त्यांनी चष्मा लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा कोपरा रे कोणी फाडला?"

"असाच आला," मी म्हणालो.

बाबा म्हणाले, "आम्ही नाय फाडलेलो."

"मी स्वतः लाखेनं पाकीट बंद केलं होतं," पंतोजी म्हणाले. "आत जरा जास्त ओघळली असेल. फोडताना कोपरा लाखेला चिकटून गेला."

मग त्यांनी वाचलं. दहा ओळीसुद्धा नव्हत्या. चिरंजीव भिवा यास अनेक आशीर्वाद. येथील सर्व क्षेम. तुझी आई उठून हिंडू फिरू लागली. तुला कन्या झाली, बाळबाळंतीण सुखरूप. आम्हांस एकच घोर लागून राहिला आहे. कलम जगले की कसे ते कळवावे.

पंतोजींनी कागद खाली ठेवला. बाबा माझ्याकडे बघत होते. पाच वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न, तोंडानं विचारायची त्यांना लाज वाटत होती. शेवटी विचारलंच.

"मगे? जगला?"

"जगलं, बाबा," मी म्हणालो. "आंबा लागला. साहेबानं कोय चोखून खाल्ली, बारा माणसांदेखत."

यातला एक शब्द खोटा नव्हता. बाबा उठले, मागच्या दारानं बागेत गेले. मी खिडकीतून बघितलं तर त्या मूळ झाडाच्या खोडावर थापा मारत उभे होते. दुसऱ्या दिवशी साऱ्या उभ्यादांड्याला कळलं की आरोलकरांचं कलम विलायतेत आंबे देतं.

पावसाळा संपल्यावर ठाण्याला जाऊन सगुणाला निरोप दिला. तिनं विचारलं, तुम्ही कसे सुटलात? मी म्हणालो, माझं काम संपलं.

बाबा पुढे अकरा वर्षं जगले. दर पौषात झाडाखाली उभे राहून वर बघायचे आणि म्हणायचे, "भिवा, थंय पण मोहोर इलो आसतलो आता." मी म्हणायचो, "असेल, बाबा." शेवटच्या आजारातही त्यांनी ते म्हटलं आणि मीही तेच म्हटलं.

परत आल्यावर मी पंतोजींपाशी बसून अक्षरं शिकलो. मोठ्या माणसाला पोरांच्या रांगेत बसलेलं बघून लोक हसायचे, हसू दे. आता तो कागद मला वाचता येतो. घडीवर चिरलाय, पण शेवटची ओळ शाबूत आहे. कलम जगले की कसे ते कळवावे. ते मी बाबांना कळवलं नाही ते नाहीच.